उंबरआळीतला वास

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ६.१५
आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावरची माणसं लिहितात. मी कालपर्यंत त्या पदावर नव्हतो, म्हणून लिहीत नव्हतो. आजपासून मी नीलतेज पेट्रोलियमच्या विरार डेपोचा हेड, सीएसआर अँड कम्युनिटी रिलेशन्स. एकोणीस वर्षं डिस्पॅचमध्ये टँकर मोजले. आता माणसं.
अंधेरीच्या हेड ऑफिसातून विपुल सरांचा स्वतः फोन. म्हणाले, श्रीरंगजी, यू आर अवर फेस. म्हणजे कंपनीचा चेहरा मी. दाढी रोज करणे.
टीम सध्या माझी एकट्याचीच आहे. लीन स्ट्रक्चर.
स्वप्नाने पोळ्या लाटता लाटता विचारलं, आधीचे साहेब का सोडून गेले? म्हटलं, पर्सनल रीझन. ती म्हणाली, दोन वर्षांत तिघांना? तिला कॉर्पोरेटमधलं कळत नाही.
संकल्प : पाचला उठणे. चहा दोनच वेळा. 'प्रॉब्लेम' हा शब्द बंद, त्याऐवजी 'संधी'. आणि उंबरआळीतल्या प्रत्येक माणसाला नावाने ओळखणे. वर्षअखेरपर्यंत त्यांचं आयुष्य बदलून टाकणे.

३ एप्रिल, गुरुवार
उंबरआळीला पहिली व्हिजिट. आमच्या डेपोच्या मागच्या भिंतीपासून चालत आठ मिनिटं. बेचाळीस घरं, एक शाळा, बाकी सगळ्या वाड्या. केळी, अळू, पानवेली, सोनचाफा. आमची पेट्रोलची पाइपलाइन याच वाड्यांखालून डेपोत येते. म्हणजे खरं तर आम्ही शेजारी नव्हे, एकाच घरातले. ते वरच्या मजल्यावर, आम्ही खालच्या. (भाषणात वापरणे.)
हरिश्चंद्र राऊत म्हणून वाडीवाले आहेत. साठीचे, बारीक अंगाचे. सोनचाफ्याची नव्वद झाडं. त्यांनी मला थेट विहिरीवर नेलं, बादली ओढली आणि म्हणाले, "साहेब, वास घ्या."
घेतला. पेट्रोलसारखा काहीतरी. पण इतकी वर्षं डेपोत काढल्यामुळे मला सगळ्यालाच थोडा पेट्रोलचा वास येतो. स्वप्नाच्या साबुदाण्याच्या खिचडीलासुद्धा. त्यामुळे लगेच निष्कर्ष काढला नाही.
पाण्यावर निळे-जांभळे रंग फिरत होते. छान दिसतंय म्हटलं. ते काही बोलले नाहीत. भावुक झाले असावेत.
त्यांच्या पत्नी मालनबाई यांनी पाण्याऐवजी शहाळं फोडून दिलं. नको नको म्हटलं तरी. हरिश्चंद्र म्हणाले, "पाव्हन्याला हे पानी कसं देनार?" पहिल्याच भेटीत शहाळं! आधीच्या तिघांना मिळालं असेल असं वाटत नाही.
ट्रस्ट बिल्डिंग पूर्ण.

८ एप्रिल, मंगळवार
विपुल सरांना मेल टाकली. विषय : उंबरआळीच्या विहिरीत गळती. तिसऱ्या मिनिटाला फोन. त्यांचा आवाज फार प्रेमळ होता. म्हणाले, 'गळती' हा इंजिनीअरिंगचा शब्द आहे, तो आपल्या डिपार्टमेंटला वापरता येत नाही. आपण 'परसीव्ह्ड ओडर कन्सर्न' लिहायचं. म्हणजे वास आहे असं त्यांना वाटतं, आणि त्यांना वाटतं याची आपल्याला काळजी वाटते. एका वाक्यात केवढी करुणा! मेल परत घेऊन नवी पाठवली.
ऑपरेशन्सवाल्यांनाही भेटलो. ते म्हणाले, पाइपमध्ये एका टोकाला जेवढं जातं आणि दुसऱ्या टोकाला जेवढं येतं, त्यातली तूट परवानगीच्या मर्यादेत आहे. मी विचारलं, मर्यादेतली तूट जाते कुठे? ते म्हणाले, मर्यादेत जाते.
समाधान झालं.

२२ एप्रिल, मंगळवार
शाळेत बैठक. साठेक माणसं. मी 'वरचा मजला, खालचा मजला' सुरू केलं, पण एका बाईने मध्येच मुलाच्या पाठीवरचं पुरळ दाखवलं. मग सगळेच दाखवायला लागले. हात, मान, पोट. अत्यंत इंटरॅक्टिव्ह सेशन.
तिथे गॉडफ्रे तुस्कानो नावाचे गृहस्थ भेटले. त्याच शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. गावात सगळे त्यांना गॉडफ्रे सर म्हणतात. बोलणं अगदी हळू. त्यांनी एकच विचारलं, तुमच्याकडे आम्ही सांगितलेलं पुढे कोणाकडे जातं? मी कंपनीची सगळी रचना फळ्यावर काढून दाखवली. सीएसआर सेल, त्याच्यावर स्टीअरिंग ग्रुप, त्याच्यावर बोर्डाची सीएसआर कमिटी, बाजूला रिस्क कमिटी, आणि सगळ्यांच्या वर बोर्ड. बाण काढले. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, बाण सगळे खाली येतायत. वर जाणारा कुठला?
खडू संपला होता.
गावाला आरोग्य शिबिराचं वचन दिलं.

६ मे, मंगळवार
आरोग्य शिबिर प्रचंड यशस्वी! त्वचेचे डॉक्टर मिळाले नाहीत, कारण हेड ऑफिसचा वर्षभराचा करार डोळ्यांच्या डॉक्टरांशी आहे. पण आरोग्य शेवटी एकच असतं. त्र्याहत्तर चष्मे वाटले. फोटो उत्तम.
मालनबाईंना मीच स्वतःच्या हाताने चष्मा घातला. त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं. हरिश्चंद्रांनी विचारलं, "काय, दिसतंय?" त्या म्हणाल्या, "हो. आता तवंग अगदी साफ दिसतो."
हे वाक्य लाभार्थींच्या प्रतिक्रियांमध्ये घेणे. (अर्धं.)

१८ मे, रविवार. सकाळी १०.३०
स्वप्नाला बोळिंजच्या जॉगिंग ट्रॅकवर जातो म्हणालो आणि उंबरआळीला गेलो. सलग तिसरा रविवार. हे कामात मोजत नाही.
हरिश्चंद्र मला चाफा खुडायला शिकवतात. उजाडायच्या आत, कळी उमलतेय न उमलतेय तेव्हा. पाकळीला बोट लावायचं नाही, देठ नखाने तोडायचा. मी तोडलेली दहातली सहा फुलं काळी पडतात. त्यांचं एकही नाही. त्यांची बोटं चालतात तेव्हा मी माझं काम विसरून बघत बसतो. फुलं केळीच्या ओल्या पानात बांधायची, टोपली डोक्यावर, सहाच्या गाडीने दादरचा फुलबाजार. तीस वर्षं हेच.
आज मात्र टोपली परत आलेली. व्यापारी म्हणाला, राऊत, तुमच्या फुलांना स्टोव्हचा वास येतो. पानं विहिरीच्या पाण्यात भिजवली होती.
हरिश्चंद्र परत आलेल्या टोपलीकडे बघत बसले होते. म्हणाले, "साहेब, फुलाला दुसरा वास लागला, तर मी इकायचं काय?"
मी म्हटलं, मी आहे ना. आणि खरंच मनापासून म्हटलं. हे लिहून ठेवतो, कारण हे खरं आहे.

५ जून, गुरुवार. पर्यावरण दिन
ऐतिहासिक दिवस. (१) शाळेत आरओ वॉटर प्लांटचं उद्घाटन. (२) पाचशे रोपं. (३) शाळेच्या भिंतीवर 'स्वच्छ जल, उज्ज्वल कल' हे रंगवलेलं घोषवाक्य. शब्द माझे.
गॉडफ्रे सरांनी विचारलं, प्लांटला पाणी कुठून? म्हटलं, शाळेच्या बोअरिंगचं. ते म्हणाले, ती बोअरिंग राऊतांच्या विहिरीपासून तीस फुटांवर आहे. मी त्यांना समजावलं की आरओचा अर्थच शुद्धीकरण असा होतो. त्यांनी मान डोलावली. शिक्षकाला पटवणं सोपं नसतं.

९ जून, सोमवार
गॉडफ्रे सर डेपोच्या गेटवर आले. खाकी पाकीट. त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून तीन विहिरींचं पाणी मुंबईच्या लॅबमध्ये तपासून आणलं होतं. बेन्झीन का काहीतरी, मर्यादेच्या कितीतरी पट. मला केमिस्ट्री येत नाही, पण आकडे लाल अक्षरात होते. शेवटच्या पानावर सूचना : हे पाणी पिऊ नये, अंगाला लावू नये, विहिरीजवळ ठिणगी उडेल असं काही चालवू नये.
सर म्हणाले, सरकारी कार्यालयात अर्ज दिला होता, तिथल्या साहेबांची बदली झाली, नवे अजून आले नाहीत. "गावात सगळ्यांना विहिरीवरच्या मोटारी बंद ठेवायला सांगितल्यात. पण पाइप बंद करणं तुमच्या हातात आहे. वीस तारखेला तुमच्या बोर्डाच्या मॅडम येणार म्हणे. हे त्यांच्या हातात द्या."
पोच देऊ का विचारलं. ते म्हणाले, "नको. तुम्ही रविवारी राऊतांकडे येता, मला माहीत आहे. तुमच्यावर विश्वास आहे."
कागदाशिवाय विश्वास! सीएसआरच्या कुठल्याही पुस्तकात हे सापडणार नाही.
पाकीट ऑफिस-बॅगेच्या मागच्या कप्प्यात. वीस तारखेला देणारच.

१६ जून, सोमवार
आरओ प्लांट अकराव्या दिवशी बंद. मेकॅनिकने आतली जाळी काढून दाखवली. तपकिरी, लिबलिबीत. म्हणाला, साहेब ही जाळी मिठाच्या पाण्यासाठी असते, पेट्रोलसाठी नाही. त्याला म्हटलं, परसीव्ह्ड ओडर. तो म्हणाला, काय?
विपुल सरांना फोन करून गावाला रोज पाण्याचा एक टँकर मिळवला. तोंडी परवानगी, दोन महिन्यांसाठी. फार मोठा विजय. माझ्या ताकदीचा अंदाज मलाच नव्हता.

२० जून, शुक्रवार. दुपारी ४
हे नीट लिहायला हवं.
ॲनिशा मॅडम, बोर्डाच्या स्वतंत्र संचालक, सीएसआर कमिटीच्या अध्यक्ष. साध्या सुती साडीत, एकट्याच गाडी चालवत आल्या. विपुल सरांनी आम्हाला आधीच दोनदा बजावलं होतं की सगळं स्मूथ व्हायला पाहिजे.
प्रेझेंटेशन झालं. मॅडमनी चष्म्यांवर फार वेळ घालवला नाही. विपुल सर फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "तुम्ही गावात जाता. मला माहीत असायला हवं असं काही आहे का?"
बॅग माझ्या पायाशी होती. चेन अर्धी उघडी.
मी विचार केला, असा रिपोर्ट एकदम हातात दिला तर प्रोसेस बायपास होते. विपुल सरांना मान खाली घालावी लागेल. उद्या माझ्यावर कोण भरवसा ठेवील? आणि भरवसा गेला तर गावाचा टँकरही जाईल. म्हणजे गावाच्या हितासाठीच थांबणं आवश्यक. हे सगळं एका सेकंदात सुचलं. अनुभव.
म्हटलं, "नाही मॅडम. सगळं ग्रीन आहे."
त्यांनी वहीत टिक केली.
जेवायला सुरमई होती.

२१ जून, शनिवार
काल मी जे केलं ते स्ट्रॅटेजिक होतं. सप्टेंबरमध्ये पूर्ण बोर्डाची मीटिंग आहे. तिथे रीतसर अजेंड्यात घालून मांडणार. बोर्ड म्हणजे शिखर. कमिटीत घाई करून काय मिळालं असतं?
गॉडफ्रे सरांना सांगितलं, 'विषय वर पोहोचवण्याच्या प्रक्रियेत आहे.' ते म्हणाले, बरं झालं, तुम्ही होता म्हणून.

१५ जुलै, मंगळवार
कंपनीचा सस्टेनेबिलिटी रिपोर्ट छापून आला. गुळगुळीत कागद. मुखपृष्ठावर चष्मा घातलेल्या मालनबाई! खाली : 'आता सगळं स्पष्ट दिसतं.' त्यांना एक प्रत नेऊन दिली. त्यांनी फोटोवरून हात फिरवला, म्हणाल्या, "माझं तोंड सुजलंय का हो यात?" पुरळ आहे ते, पण छपाईत छान गुलाबी आलंय.
पर्यावरण दिनाच्या पाचशे रोपांपैकी एकोणीस उभी. तीही दुसऱ्या कुणीतरी लावलेली असावीत.
माझ्या मुलीने, क्षितिजाने, रिपोर्ट वाचला. विचारलं, बाबा, यात 'पाणी' शब्द सत्तेचाळीस वेळा आहे, विहीर एकदाही का नाही? अठरा वर्षांची झाली, उलट बोलते.

११ ऑगस्ट, सोमवार
गॉडफ्रे सरांचा फोन. पावसाने विहिरी भरल्या तसा तवंगही वर आलाय, आता हात पुरेल इतका. पाकिटाचं काय झालं? म्हटलं, सप्टेंबरचा बोर्ड. ते म्हणाले, "श्रीरंगराव, मॅडमना दिलंत ना तेव्हा?"
म्हटलं, योग्य त्या ठिकाणी आहे.
आहेच. बॅगेत.

१८ ऑगस्ट, सोमवार
टँकरची मुदत संपली. वाढवायला फॉर्म आहे. फॉर्ममध्ये 'कारण' असा रकाना. विपुल सर म्हणाले, पाणी खराब आहे असं लिहिलं तर पाणी खराब आहे हे आपण मान्य केलं असं होतं. सोबत पुरावाही जोडावा लागेल. पुरावा आहे का तुमच्याकडे?
म्हटलं, नाही.
मग ते म्हणाले, पुराव्याशिवाय मी कसा मंजूर करू? त्यांचंही बरोबर आहे. सिस्टिम आहे.
गावाला सांगितलं, दोनतीन दिवसांत पुन्हा सुरू होईल. कारणासाठी एखादा चांगला शब्द सुचतो का बघतोय. 'सणानिमित्त पूरक जलसहाय्य' असा सुचलाय. वाईट नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
'सणानिमित्त पूरक जलसहाय्य' नामंजूर. सण सगळ्याच गावांना असतो, असा शेरा.
हरिश्चंद्रांचा फोन. घरी गणपती आहे, मुंबईहून पंचवीस माणसं यायची आहेत, टँकर कधी? म्हटलं, सोमवारी नक्की. ते म्हणाले, "नक्की ना साहेब? नायतर मी विहीर उपसून काडतो. एकदा सगळं खराब पानी भाहेर फेकलं की नवा झरा येईल." मी म्हटलं, नका त्रास घेऊ, सोमवारी पाठवतो.
मोटार लावू नका, हे म्हणायचं राहिलं. गॉडफ्रे सरांनी सांगितलंच असणार.

२५ ऑगस्ट, सोमवार
टँकर गेला नाही.

२५ ऑगस्ट. दुपारी ३
डेपोच्या मागच्या बाजूने आवाज आला. सगळ्यांनी आधी आमच्या टाक्यांकडे पाहिलं. टाक्या ठीक होत्या. धूर वाड्यांमधून येत होता.
मी धावलो. आठ मिनिटांचं अंतर.
विहीर जळत होती. विहिरीतून माणसापेक्षा उंच ज्वाळा. आजूबाजूचा चाफा करपून काळा. मोटारीच्या खोपटाचं छप्पर केळींत जाऊन पडलेलं. हरिश्चंद्र अंगणात, लोकांनी ओलं गोणपाट टाकलेलं. त्यांनी हात असे पुढे धरले होते, कशाला लागू नयेत म्हणून. मालनबाई किंचाळत नव्हत्या. त्या सारखं एवढंच म्हणत होत्या, "पानी नका टाकू रे, त्या विहिरीचं पानी नका टाकू."
गॉडफ्रे सरांनी हरिश्चंद्रांना स्वतःच्या गाडीत घातलं. मला पाहिलं आणि गाडी सुरू केली.

२८ ऑगस्ट, गुरुवार
दोन्ही हात, मान, चेहऱ्याची डावी बाजू. जीव वाचेल म्हणतात. बोटांचं डॉक्टर काही बोलत नाहीत. राऊतांचा गणपती शेजाऱ्यांनी आपल्या घरात बसवला.
वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो. आत गेलो नाही. इन्फेक्शनचा धोका असतो.

४ सप्टेंबर, गुरुवार
कंपनीने पाइपलाइन बंद केली. एका दुपारात झालं. मला वाटायचं फार अवघड असतं.
चौकशी समिती. तीन माणसं, एक वकील. प्रश्न एकच : आगीच्या आधी कंपनीला कुणी लेखी कळवलं होतं का? गॉडफ्रे सरांनी पोलिसांना जबाब दिलाय की नऊ जूनला लॅबचा रिपोर्ट माझ्या हातात दिला.
विपुल सरांनी मला वेगळं बसवलं. चहा मागवला. म्हणाले, श्रीरंगजी, जून असेल तर हा निष्काळजीपणा. कंपनीचा, आणि त्याआधी तुमचा. आगीनंतर मिळाला असेल तर अपघात. अपघात असेल तर कंपनी मोठ्या मनाने राऊत कुटुंबासाठी लगेच काहीतरी करू शकते. नाहीतर कोर्ट, दहा वर्षं. "तुम्ही ठरवा. मला फक्त राऊतांची काळजी आहे."
विचार करायला आठ दिवस मागितले. मिळाले.

७ सप्टेंबर, रविवार
ठरलं. खरं सांगणार. नऊ जून, सकाळी, डेपोचं गेट, खाकी पाकीट. सगळं. नोकरी गेली तर गेली. मन इतकं हलकं झालं की मटणाला स्वतः मसाला वाटला.
स्वप्नाला सांगितलं. तिने मिक्सर बंद केला. विचारलं, "म्हणजे रिपोर्ट तुझ्याकडे जूनपासून होता?"
म्हटलं, हो, पण योग्य वेळ...
ती म्हणाली, "कुठाय तो?"
बॅग आणून दाखवली. तिने उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं. ठिणगीची ओळ दोनदा वाचली असावी, कारण डोळे परत मागे गेले. पाकीट माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन झोपली. दुपारचे दोन वाजले होते. मटण क्षितिजाने उतरवलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
सही केली.
'सदर अहवाल मला दिनांक २६ ऑगस्टपूर्वी प्राप्त झाला नव्हता.' वाक्य वकिलांचं, मराठी शुद्धलेखन मी तपासलं.
समितीच्या खोलीत शिरेपर्यंत मी खरं सांगणार होतो. आत पंखा फार जोरात होता. कागद उडत होते. वकिलांनी त्यावर बोट ठेवून धरलं होतं, इथे, म्हणाले.
राऊतांना यामुळे लगेच मदत मिळेल. हाच मुख्य विचार होता.
पाकीट विपुल सरांनी घेतलं. सेफ कस्टडी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
मदत जाहीर. नालासोपाऱ्यात अकरा महिन्यांसाठी भाड्याची खोली. वाडीला कुंपण, माती-पाण्याच्या शुद्धीकरणासाठी, मुदत नाही. हॉस्पिटलचा खर्च 'सहानुभूतिपूर्वक विचाराधीन'.
पूर्ण बोर्डाची मीटिंग पण झाली म्हणे. अजेंडा माझ्याकडे आला नाही.
माझी बदली डिस्पॅचला. एक तारखेपासून.

२४ सप्टेंबर, बुधवार. सकाळी १०.४०
गॉडफ्रे सरांचा फोन. आवाज नेहमीसारखाच हळू. मी घाईघाईने सुरुवात केली की सर, त्यात एक लीगल अँगल होता. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.
मग म्हणाले, "पोलिसांनी मला विचारलं, पोच कुठे? मी म्हटलं, घेतली नाही. चाळीस वर्षं मुलांना शिकवत आलो की निरीक्षण केलं की लगेच नोंद करावी. आणि स्वतः नाही केली."
मग तेच पुढे म्हणाले,
"राऊतांना मी काही सांगितलेलं नाही. मालनबाई तुमचं नाव घेतात, तुम्ही चांगले म्हणतात. मी त्यांचं ते मोडणार नाही. तेवढं तुम्हीच जाऊन सांगा. मी त्यांना कळवतो, श्रीरंगराव काही सांगायला येणार आहेत."
सांगणार. या रविवारी नाही, या रविवारी क्षितिजाला क्लासला सोडायला जायचं आहे. पुढच्या रविवारी.

२ ऑक्टोबर, गुरुवार
कसं सांगायचं याची तयारी केली. आधी तब्येत विचारायची. मग टँकर. मग मॅडम. मग पाकीट, मग सही. पाच मुद्दे. आरशासमोर तिसऱ्यापर्यंत पोहोचतो.
स्वप्ना जेवायला वाढते. बोलते पण. भाजी हवी का, दार लाव, असं.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी १
जाऊन आलो.
नालासोपारा पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही. एक खोली, एक खिडकी, खिडकीला समोरची भिंत. हरिश्चंद्र पलंगावर भिंतीला टेकून. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, मांडीवर ठेवलेले, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे. मालनबाई त्यांना पेज भरवत होत्या. मला पाहून पदर सावरत उठल्या. म्हणाल्या, "बसा. कंपनीतून तुमीच एक आलात. दुसरं कोन फिरकलं पन नाय."
मग नळ सोडून दाखवला. "बघा, हितं वास नाय पान्याला. चहा टाकते."
मी तब्येत विचारली. हरिश्चंद्र म्हणाले, डॉक्टर म्हणतात उजव्या हाताची दोन बोटं हलतील कदाचित. दोन बोटांत काय होतं, हे मी नाही, तेच म्हणाले. पहाटे जाग येते, पण उठून जायचं कुठे, म्हणाले.
चहा आला. मालनबाईंनी एक घोट त्यांना पाजला, तोंड पुसलं.
हरिश्चंद्र म्हणाले, "साहेब, गॉडफ्रे सर बोलले, तुमी काय तरी सांगायला येनार."
मी म्हटलं, हो.
ते वाट बघत राहिले. मालनबाई पण कप हातात धरून थांबल्या. खालून भाजीवाल्याचा आवाज येत होता. मला पाचही मुद्दे आठवत होते. तयारी चांगली झाली होती.
म्हटलं, "बरे व्हा. एवढंच सांगायचं होतं."
हरिश्चंद्रांनी मान हलवली. म्हणाले, "तुमी एवड्यासाठी तीन माळे चढलात?" आणि त्यांचे डोळे भरून आले.
मालनबाई जिन्यापर्यंत सोडायला आल्या. पुढच्या रविवारी या, म्हणाल्या, ह्यांना बरं वाटतं.
येईन म्हणालो.
जाणार नाही.